पेनड्राइव्ह तोच, मग एका पीसीवर विंडोज ११ बसतं आणि दुसऱ्यावर का नाही?

ताई, सर्वांत आधी हे सांगतो: मदरबोर्ड बदलू नका. रॅमवरही आणखी पैसे घालू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्या सहा जुन्या मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलला आणि त्यावर तोच प्रोसेसर बसवला, तर पुन्हा हेच होईल. पैसे मात्र गेलेले असतील.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या गावात टायपिंग इन्स्टिट्यूट, आठ पीसी. त्यातले सहा कोअर टू डुओ ई७५००, जी४१ चिपसेटचे बोर्ड, ४ जीबी रॅम. दोन त्यामानाने नवे, आय३-३२२०. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून भाच्याने रुफस हा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम वापरून, टीपीएम या सुरक्षेच्या चिपची अट काढून, विंडोज ११चा पेनड्राइव्ह बनवला. दोन्ही आय३वर ते नीट बसलं. कोअर टू डुओवर मात्र विंडोजचा लोगो येतो, मशीन रीस्टार्ट होतं, पुन्हा लोगो, पुन्हा रीस्टार्ट. रॅम बदलून पाहिली, एका मशीनला नवी एसएसडी लावली, पेनड्राइव्ह तीनदा नव्याने केला. दुरुस्तीवाल्याने एक मशीन पाहून मदरबोर्ड बदलायला सांगितलं. त्यातच १२व्या पिढीचा नवा लॅपटॉप घेतला, त्यावर सरावाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज १० टाकायला गेलात, तर सेटअपला त्याची एसएसडीच दिसेना.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी जुन्या मशीनचं बघू.

इन्स्टॉलेशन दोन तऱ्हेने अडतं. एक, सेटअप स्वतः तपासणी करून नकार देतो. स्क्रीनवर सरळ वाक्य येतं की हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही. टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टमच सुरू होऊ देणारी सोय) नाही, प्रोसेसर यादीत नाही, असं काहीतरी कारण त्यामागे असतं. ही दारावरची चौकशी आहे. रुफस ती चौकशी गाळतं, आणि आत शिरल्यावर मशीन काम करू शकतं. तुमच्या आय३वर हेच झालं. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, ८व्या पिढीपासून सुरू होते. पण त्या प्रोसेसरला विंडोजचं काम जमतं.

दुसऱ्या तऱ्हेत नकार कोणी देत नाही. प्रोसेसरला दिलेली आज्ञाच कळत नाही. इथे गाळण्यासारखी तपासणी नसतेच, त्यामुळे रुफसमधली कुठलीही खूण केली तरी फरक पडत नाही. तुमची सहा मशीन इथे अडली आहेत.

आज्ञा कळत नाही म्हणजे काय, ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढची बरीच धावपळ वाचते. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञांचा संच कळतो. दर काही वर्षांनी त्यात नव्या आज्ञांची भर पडते. त्यातली एक आहे पॉपकाउंट. तिचं काम अगदी साधं आहे: एखाद्या बायनरी आकड्यात १ किती वेळा आलाय ते मोजायचं. १०११०१०० दिलं तर उत्तर ४. ही आज्ञा नसलेला प्रोसेसर तेच काम काही पायऱ्यांत करू शकतो, पण प्रोग्राम तसा लिहिलेला असेल तरच. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती, म्हणजे ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली, तशी लिहिलेली नाही. तिचा गाभा ही आज्ञा आहे असं धरूनच चालतो. एसएसई ४.२ या संचाचंही तेच. त्यानंतरची २५एच२ त्याच गाभ्यावर उभी आहे.

इंटेलमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ आलं २००८च्या अखेरीस, नेहालेम पिढीसोबत, म्हणजे पहिले कोअर आय७. तुमचा ई७५०० बाजारात आला २००९मध्ये, पण त्याची रचना त्याआधीच्या पिढीची. तो एसएसई ४.१पर्यंत येऊन थांबतो. म्हणून "आमचा पीसी २०१०चा आहे, चालायला हवं" हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. बिलावरची तारीख न बघता प्रोसेसरचं नाव बघायचं. एएमडीवाल्यांसाठीही सांगून ठेवतो: फेनम आणि अ‍ॅथलॉन टूमध्ये पॉपकाउंट आहे, पण एसएसई ४.२ नाही, त्यामुळे तेही अडतात. एएमडीत दोन्ही मिळतात ते २०११च्या एफएक्स मालिकेपासून.

आता तुमच्या मशीनवर नेमकं काय घडतंय ते बघा. बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, पेनड्राइव्ह वाचतं, विंडोजचा लोडर सुरू होतो, लोगो दिसतो. मग गाभा मेमरीत चढतो आणि पहिल्या काही क्षणांतच न कळणारी आज्ञा समोर येते. हे इतक्या लवकर घडतं की निळा पडदा दाखवून कोड सांगायलाही सवड मिळत नाही. प्रोसेसर स्वतःला रीसेट करतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच: लोगो, काळोख, बीप, पुन्हा लोगो.

आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली होती: "सहाही मशीनवर अगदी सारखंच होतं." सहा मदरबोर्ड एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने जात नाहीत. बिघाड प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. सगळीकडे सारखं दिसतंय म्हणजे कारण सगळ्यांत समान असलेल्या गोष्टीत आहे. दुरुस्तीवाल्याने एकच मशीन पाहिलं, म्हणून त्याचा अंदाज चुकला असेल.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, स्वतः खात्री करा. ज्या मशीनवर विंडोज १० अजून शाबूत आहे त्यावर सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. पहिल्याच पानावर मधोमध इन्स्ट्रक्शन्स नावाची ओळ असते. ई७५००वर ती एसएसई, एसएसई २, ३, एसएसएसई ३ असं करत ४.१वर येते आणि पुढे ४.२ नसतं. तोच प्रोग्राम शेजारच्या आय३वर चालवा, तिथे ४.२ आणि त्यापुढे एव्हीएक्स हा आणखी नवा संचसुद्धा दिसेल. दोन्ही स्क्रीनचे फोटो शेजारी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. ज्या मशीनची डिस्क पुसली गेलीय तिथे कुठलंही हलकं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू करा, टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही कमांड द्या आणि फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत पॉपकाउंट शोधा, तिथे ते popcnt असं लिहितात. सापडणार नाही.

यावर तुम्हाला दोन सल्ले हमखास मिळतील, म्हणून आधीच बोलतो. पहिला: २३एच२, म्हणजे २४एच२च्या आधीची आवृत्ती टाका, ती चालते. खरं आहे, कोअर टू डुओवर ती चालते. पण होम आणि प्रोसाठी २३एच२चा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ला संपला. सुरक्षेचे अपडेट मिळावेत म्हणून तुम्ही विंडोज १० सोडताय आणि जाताय तिथेही ते नाहीत. वर ४ जीबी रॅममध्ये विंडोज ११ म्हणजे मुलं स्पेसबार दाबून अक्षराची वाट बघत बसतील. दुसरा सल्ला: अमुक फाइल बदला, तमुक जुगाड करा, म्हणजे २४एच२ चढेल. सहा मशीन, रोजच्या बॅचेस आणि मुलांची परीक्षा डोळ्यांसमोर असताना मी हे करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

हा प्रकार एकट्या विंडोजचा नाही. लिनक्समध्येही रेड हॅट एंटरप्राइझची ९वी आवृत्ती आणि तिच्यावर बेतलेली अल्मा, रॉकी ही वितरणं हीच पातळी मागतात. ई७५००वर ती सुरूच होत नाहीत. फरक एवढाच की तिथे प्रोसेसरला ही पातळी जमत नाही अशी ओळ स्पष्ट छापून येते, त्यामुळे माणूस रॅम बदलत बसत नाही. विंडोजने तेवढी एक ओळ दाखवली असती तर तुमची नवी एसएसडी घ्यायची घाई टळली असती. ती वाया जाणार नाही म्हणा, खाली सांगतो.

आता लॅपटॉप. इथे उलटं आहे: हार्डवेअर नवं, सिस्टम जुनी.

असं मी पहिल्यांदा पाहिलं ते सहाव्या पिढीचे इंटेल बोर्ड आले तेव्हा. एका दुकानदाराला त्याच्या जुन्या बिलिंग प्रोग्रामसाठी विंडोज ७च हवं होतं. सेटअप सुरू झाला, भाषा निवडायचा पडदा आला आणि माऊस हलेना, की-बोर्ड दबेना. बायोसमध्ये दोन्ही व्यवस्थित चालत होते. मी की-बोर्ड बदलला, पोर्ट बदलले, अख्खी दुपार घालवली. कारण असं होतं की त्या चिपसेटमधून जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला होता आणि विंडोज ७च्या डिस्कवर यूएसबी ३चा ड्रायव्हरच नव्हता. बायोसला की-बोर्ड कळत होता, विंडोजला नाही. त्या दिवसापासून मी एक प्रश्न विचारायला शिकलो: ही वस्तू बायोसला दिसते का? बायोसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही, तर वस्तू चांगली आहे, ड्रायव्हर नाही.

तुमच्या लॅपटॉपचा बायोस उघडून बघा. एसएसडीचं नाव तिथे दिसेल याची मला जवळजवळ खात्री आहे. साधारण ११व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. ती चालू असली की एसएसडी थेट समोर न येता इंटेलच्या कंट्रोलरच्या आड राहते. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोज १०च्या पेनड्राइव्हवर नसतो, म्हणून डिस्क निवडायच्या पडद्यावर रिकामी यादी येते आणि खाली लिहिलेलं असतं की ड्राइव्ह सापडले नाहीत, ड्रायव्हर लोड करा.

त्या वाक्याचं शब्दशः ऐका. लॅपटॉपच्या मॉडेलचं पान कंपनीच्या साइटवर उघडा, स्टोरेज या सदराखाली इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर असतो, तो उतरवा. तो बहुतेक वेळा एक्सई फाइल असतो आणि इथेच लोक फसतात. ती एक्सई तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. सेटअपला आतल्या सुट्या फाइली हव्या असतात, ज्यांत आयएनएफ शेवट असलेली फाइल असते. म्हणून दुसऱ्या पीसीवर ती उलगडून घ्या आणि सगळा फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. मग लोड ड्रायव्हर, ब्राउज, व्हीएमडी असं नाव असलेला फोल्डर. यादीत दोन-तीन नावं आली तर व्हीएमडीचा उल्लेख असलेलं निवडा. पुढच्या पडद्यावर एसएसडी दिसेल.

दुसरा रस्ता म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला त्याने काही तोटा नाही. काही मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. एसरच्या काही लॅपटॉपवर बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो उघड होतो. पण हे करण्याआधी पुढचा परिच्छेद नीट वाचा.

एकदा एका कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. मी तिला काही न विचारता व्हीएमडी बंद केलं, मला फक्त एसएसडीचा वेग तपासायचा होता. मशीन चालू केलं तर निळा पडदा आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागणारी चौकट. तिला बिटलॉकर हा शब्दही माहीत नव्हता. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं की कित्येक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि की त्या अकाउंटवर जाऊन बसते. तिचं अकाउंट भावाने बनवलेलं, नोंदवलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. तिचा प्रोजेक्ट त्या डिस्कवर होता आणि आठवड्याने तोंडी परीक्षा. मी सेटिंग पुन्हा होतं तसं केलं, तेव्हा विंडोज की न मागता सुरू झालं. आधी मी तिची सगळी कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग की छापून तिच्या हातात दिली. त्या दहा मिनिटांत तिचा चेहरा जसा झाला होता तो मी विसरलेलो नाही. आता कुणाचाही लॅपटॉप आला की बायोसला हात लावण्याआधी मी की मागतो. नसेल तर आधी डेटा काढून घेतो, मगच पुढचं. तुम्हीही असंच करा. आणि बिटलॉकर नसला तरी, बसलेलं विंडोज ठेवून फक्त हे सेटिंग बदललंत तर ते बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून अडू शकतं. हा बदल कोऱ्या इन्स्टॉलेशनच्या वेळीच करायचा.

त्याआधी एक प्रश्न मात्र विचारतो. १२व्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज १० हवंच कशाला? त्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर असतात आणि त्यांच्यात काम वाटणं विंडोज ११ला चांगलं जमतं. सोबत आलेल्या विंडोज ११चं लायसन्स लॅपटॉपमध्येच नोंदलेलं असतं. सरावाचं सॉफ्टवेअर विंडोज १०वर चालत असेल तर ११वर ते बहुधा चालेल. बनवणाऱ्याला एक फोन करा. तो हो म्हणाला तर हा सगळा खटाटोप करायची गरजच उरत नाही.

आता थोडं इतर ठिकाणी अडणाऱ्यांसाठी, कारण तुमच्या भाच्याला पुढे उपयोग होईल. इन्स्टॉलेशन कुठल्या टप्प्यावर थांबतं हे कागदावर लिहून ठेवायची सवय लावा. पेनड्राइव्ह मुळात पकडतच नाही, तर तो बहुधा चुकीच्या पद्धतीने बनलाय: जी४१सारख्या जुन्या बोर्डांना एमबीआर आणि बायोस हवं, नव्यांना जीपीटी आणि यूईएफआय (एमबीआर आणि जीपीटी या डिस्क आखायच्या पद्धती, यूईएफआय हे बायोसचं नवं रूप). तुमच्याकडे लोगो येतोय, म्हणजे भाच्याने तो भाग बरोबर केलाय. जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह बूटच्या यादीत वेगळा दिसत नाही, हार्ड डिस्कच्या पोटयादीत जाऊन तो वर आणावा लागतो. डिस्क दिसते पण जीपीटी-एमबीआरचं कारण देऊन सेटअप नाही म्हणतो, तर पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने बूट केला आणि डिस्क ज्या पद्धतीने आखलेली आहे त्यांचा मेळ नाही. डिस्क कोरी करायची तयारी असेल तर सगळे भाग काढून नव्याने आखू द्या, नसेल तर बूटची पद्धत बदला.

फाइली कॉपी होताना अडलं आणि ८००७०५७०ने संपणारा कोड आला, तर दरवेळी किती टक्क्यांवर थांबतं ते बघा. दरवेळी त्याच आकड्यावर थांबत असेल तर आयएसओ (उतरवलेली विंडोजची फाइल) किंवा पेनड्राइव्ह खराब असण्याची शक्यता जास्त. कधी १८, कधी ६१, कधी ४० असं होत असेल तर मी रॅमवर संशय घेतो. तिथे एक-एक पट्टी काढून, तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलक्या हाताने पुसून, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवायचा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाजूला. आणि रीस्टार्ट न होता मशीन धाडकन बंदच पडत असेल तर झाकण उघडा. ७७५ सॉकेटच्या इंटेल पंख्याचे चार प्लास्टिकचे खुंट असतात, वर्षानुवर्षांत त्यातला एखादा सुटतो, हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. रोजच्या टायपिंगला ते मशीन तग धरतं, इन्स्टॉलेशनमध्ये प्रोसेसरवर ताण आला की तापून बंद पडतं. बोटाने चारही खुंट दाबून बघा.

बायोसची तारीख दरवेळी २००९वर जात असेल तर बोर्डावरचा २०३२ नंबरचा गोल सेल बदला. सेल मेला की बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर जातात, तुम्ही लावलेला बूटचा क्रमही. शिवाय चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. नवीन सिस्टम टाकण्याआधी सहाही मशीनचे सेल बदलूनच टाका.

विंडोजच्या आतून अपग्रेड करताना अर्ध्यावरून मागे येत असेल आणि कोड सी१९००१०१ने सुरू होत असेल, तर दोष बहुतेकदा एखाद्या ड्रायव्हरचा. जुना अँटिव्हायरस काढा, प्रिंटर, डोंगल, वायफायची काडी सगळं उपसून ठेवा आणि परत करून बघा. एवढ्यानेच कितीतरी वेळा काम होतं.

आता तुमच्या आठ मशीनचं काय करायचं ते.

दोन आय३ आहेत तसे चालू द्या. महिन्याचे अपडेट सहसा येत राहतात, पण अशा मशीनना अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती हाताने टाकावी लागते. म्हणून मुलांची नावं, फीचा हिशेब अशा गोष्टी त्यांच्यावर ठेवू नका. त्या नव्या लॅपटॉपवर हलवा.

सहा कोअर टू डुओवर मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकेन. मिंट २२ ही मालिका २०२९पर्यंत अपडेट देते, तिला पॉपकाउंट लागत नाही आणि ४ जीबीत ती बऱ्यापैकी हलकी चालते. तुमची नवी एसएसडी इथे कामी येते: बोर्डावर डिस्क जोडायच्या साटा पोर्टचा वेग नव्या बोर्डांच्या निम्मा असला तरी जुन्या हार्ड डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. फक्त आधी सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतं का ते विचारा. चालत नसेल तर त्या सहांपैकी दोन-तीन मशीन फक्त वेगाच्या सरावाला मिंटवर ठेवा आणि बाकी विंडोज १०वरच राहू द्या, पण इंटरनेटची वायर काढून. मशीनवरच चालणाऱ्या सरावाला नेट लागत नाही. विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची जी योजना आहे ती घरगुती वापरासाठी आहे. संस्थांसाठीची वेगळी आहे आणि तिला दर मशीनमागे पैसे पडतात. एवढ्या जुन्या मशीनवर ते घालावेत असं मला वाटत नाही. बाजारात "कायमचं अ‍ॅक्टिव्हेट" म्हणून जे पेनड्राइव्ह विकतात ते तर मुळीच नको. आत काय कालवलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

पुढेमागे मशीन बदलायचं ठरवलंत तर ऑफिसातून निघालेले वापरलेले डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि जिल्ह्याच्या गावीही मिळतात. दुकानदार "आय५ आहे" एवढंच सांगेल. पूर्ण नंबर विचारा. आय५-७५०० आणि आय५-८५०० कानाला जवळजवळ सारखेच, पण चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो, आणि विंडोज ११ला तिथे ८ किंवा वरचं हवं. ७५०० घेतलात तर पुन्हा चौकशी गाळत बसाल. मशीन दुकानातच चालू करून रनमध्ये टीपीएम.एमएससी टाइप करा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं पाहिजे. टीपीएम सापडलं नाही असं आलं तर लगेच नाकारू नका, इंटेलमध्ये ते बायोसात पीटीटी या नावाने बंद करून ठेवलेलं असतं. तिथेच चालू करून पुन्हा बघा.

मिंटच्या बाबतीत एक काम मात्र डिस्क पुसण्याआधीच करा. पेनड्राइव्हवरून ते लाइव्ह चालतं, काहीही न पुसता. तसं चालू करा, जुन्या डिस्कवरचा डेटा त्यातूनच बाहेर काढून घ्या, मग की-बोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट लेआउट जोडा आणि स्वतः टाइप करून बघा. नुसतं "कमल नमन कर" टाइप करून थांबू नका. "दऱ्या", "सुऱ्या", "ऱ्हास" लिहा: शिफ्ट-जेने ऱ, मग डीने पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. "ळ" आणि "ॲ" तपासा. मुलांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवर, बसलेला असेल तर तो लेआउट तुम्हाला हवा तसा मिळतो का तेही याच बैठकीत बघून घ्या. हे जमलं तर एक मशीन पक्कं करा, त्यावर आठवडाभर एक बॅच चालवा आणि मग उरलेल्या पाचांना हात लावा.

सीपीयू-झेडचे फोटो आणि लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल कळवा. व्हीएमडीचा नेमका कुठला ड्रायव्हर उतरवायचा ते मी बघून सांगतो.